औंधचं म्युझियम: सारा, सैरंध्री आणि लोखंडी नांगर

औंध दोन आहेत. एक आपलं. परिहार चौक, ब्रेमेन चौक, आणि संध्याकाळी सात वाजता हिंजवडीकडून येणारी, जागची न हलणारी गाड्यांची रांग. दुसरं सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. "शनिवारी औंधला जाऊन आलो" असं ऑफिसात सांगितलं की समोरचा विचारतो, "कुठल्या हॉटेलात?" त्याचा दोष नाही. पिंपरी-चिंचवडकडच्या माणसाला औंध म्हणजे सांगवीचा पूल ओलांडला की लागतं तेच.

आजचं लिखाण दुसऱ्या औंधबद्दल आहे. तिथे यमाईदेवीची टेकडी आहे, आणि त्या टेकडीवर श्री भवानी चित्रसंग्रहालय. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथे आहे. हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं 'आई आणि मूल' तिथे आहे. धुरंधरांची चित्रं आहेत, लघुचित्रं आहेत, हस्तिदंताचं नि चंदनाचं काम आहे, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत, आणि मोठं ग्रंथालय आहे. आता हेच सगळं मुंबईला काळा घोड्याला असतं तर आपण म्हणालो असतो, असणारच. पण हे आहे खटावच्या दुष्काळी माळावर, एका खेड्यात. का? या "का"च्या मागे लागून मी दोन-तीन वीकेंड घालवले. त्यात जे हाती आलं ते इथे मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झालं. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा माणूस, म्हणजे अष्टप्रधानांच्याही वरचं पद. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिलं. मराठेशाही संपली, इंग्रज आले, आणि या घराण्याकडे उरलं ते औंध संस्थान. केवढं? तर साधारण पाचशे चौरस मैल आणि ७२ गावं. तीही सलग नाहीत! औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. नकाशावर बघितलं तर कुणीतरी खडूचा चुरा उडवल्यासारखं दिसतं. १९४१ सालीही सगळी लोकसंख्या एक लाखाच्या आत. म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडच्या दोनेक प्रभागांत अख्खं संस्थान मावलं असतं.

या संस्थानाच्या गादीवर १९०९ मध्ये भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. जन्म १८६८चा, म्हणजे तेव्हा चाळिशी ओलांडलेली. बी.ए. झालेले. माणूस मोठा छांदिष्ट. सूर्यनमस्कारांचं त्यांना इतकं वेड की त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि आज जगभर 'सन सॅल्युटेशन' म्हणून जे चालतं त्याच्या प्रसारात या माणसाचा मोठा वाटा आहे. ते कीर्तन करत. आणि ते स्वतः चित्रं काढत. नुसती हौस म्हणून नव्हे. १९१६ मध्ये त्यांचं चित्ररामायण छापून आलं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली त्याच्या मुळाशीही यांचंच वेड आहे. १९१८ मध्ये सचित्र महाभारतासाठी त्यांनी संस्थेला एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती. १९१९ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि ती आवृत्ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडलं. (आपल्याकडे प्रोजेक्ट दोन क्वार्टर लांबला तर केवढा गहजब होतो! :))

वेरूळवर आणि अजिंठ्यावरही त्यांनी पुस्तकं लिहिली. राजाने लिहिलेलं म्हणजे कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, असा संशय येतो खरा, पण हा गडी चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याला जाऊन राहिलेला होता. त्यांनी जमवलेल्या वस्तूंसाठी १९३८ मध्ये टेकडीवर इमारत उभी राहिली, तेच हे संग्रहालय. आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

म्युझियम एका फेरीत बघून होत नाही. सगळ्याची यादी देत बसलो तर तुम्ही कंटाळाल. म्हणून तीनच गोष्टींजवळ थांबतो.

पहिली 'सैरंध्री'. अज्ञातवासातली द्रौपदी. विराटाच्या घरी दासी म्हणून राहते आहे, आणि राणी सुदेष्णा तिला कीचकाकडे जायला सांगते. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला कळलेलं आहे आणि नाही म्हणायची सोय नाही. महाभारतातल्या शंभर प्रसंगांतून रविवर्म्याने निवडला तो हा: युद्ध नाही, चमत्कार नाही, फक्त एक अडकलेली बाई. रविवर्म्याची चित्रं आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात होतीच, पण ती छापील. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, आणि मुंबईत प्लेग आल्यावर तो कुठे हलवला माहितीये? मळवलीला! आपल्या लोणावळा लोकलचं मळवली. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करत जी लोकल जाते तिच्या वाटेवर. पुढे फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि १९७२ मध्ये तो आगीत गेला. देशभरच्या देव्हाऱ्यांत जी लक्ष्मी-सरस्वती गेली त्यातली कितीतरी याच लोकलच्या मार्गावरून गेलेली आहे. पण छापील चित्रात आणि मूळ तैलचित्रात केवढा फरक असतो हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. छपाईत रंग सपाट बसतो. तैलरंगात रंगावर रंग चढतात, खालचा वरून झिरपतो, आणि कातडीखाली रक्त आहे असं वाटायला लागतं. मोबाईलच्या पडद्यावर तर यातलं काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट नकला. बरेच जण इथे नाक मुरडतात. "ओरिजनल नाही ना, मग काय बघायचं?" मला हा प्रश्न चुकीच्या काळातून विचारलेला वाटतो. एकोणिसाव्या शतकात नक्कल ही लबाडी नव्हती, ती सोय होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १८७३ मध्ये खास दालनं उघडली, तिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिड प्लास्टरचा आहे. ज्याला फ्लॉरेन्सला जाणं परवडत नाही त्याने इथे बघावं. आता खटावच्या शेतकऱ्याला युरोप कधी दिसणार होतं? त्याला युरोपातलं चित्र दिसायचं असेल तर ते कुणीतरी रंगवून औंधच्या टेकडीवरच आणायला हवं होतं.

आणि नकलेचा आणखी एक उपयोग आपल्या धंद्यातल्या लोकांना पटकन कळेल: बॅकअप. अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून तिथे मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा सगळं केलं. १८८५ मध्ये लंडनमध्ये पुन्हा आग, त्यांतल्या बरीचशा जळाल्या. दोन वेळा बॅकअप घेतला आणि दोन्ही वेळा तो लंडनला नेऊन ठेवला! त्या काळात मूळ चित्रं गुहेत झिजत होतीच. अशा वेळी राजाने आपले चित्रकार घेऊन पुन्हा अजिंठ्याला जाणं म्हणजे नुसता शौक म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट हेन्री मूर. हे शिल्प बघायला लोक इतक्या लांब येतात आणि समोर उभे राहिले की जरा गोंधळतात, कारण आजूबाजूला सगळं रेखीव, हुबेहूब काम आहे. मूरचं तसं नाही. दगडाचा दगडपणा तो घालवत नाही. आई आणि मूल ही दोन शरीरं आहेत की एकाच दगडाला आलेले दोन उंचवटे, असा प्रश्न पडतो. मूर जन्मला १८९८ मध्ये यॉर्कशरमधल्या कॅसलफर्डला, वडील कोळसा खाणीत कामाला. घरात आठ मुलं, हा सातवा. म्हणजे तोही आपल्यासारख्याच एका औद्योगिक पट्ट्यातला पोरगा. लंडनला शिकायला गेला तेव्हा त्याची खरी शाळा झाली ती ब्रिटिश म्युझियम. तिथे त्याने मेक्सिकोची, आफ्रिकेची, इजिप्तची शिल्पं पुन्हा पुन्हा जाऊन पाहिली आणि त्यातून स्वतःची वाट काढली. म्युझियम कुणासाठी असतं या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. खाणकामगाराच्या पोरासाठी. त्याच पोराचं काम आज यमाईच्या टेकडीवर आहे.

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता अडचणीचं.

चाकणला टूलरूममध्ये काम करणारा माझा एक मित्र आहे, मूळचा आटपाडीकडचा. आपल्या पट्ट्यात माण, खटाव, आटपाडी, जत या भागातून आलेली माणसं किती आहेत हे भोसरीत किंवा चिखलीत राहणाऱ्यांना सांगायला नको. पाऊस नाही म्हणून गाव सोडलं आणि एमआयडीसीत आले. त्याला मी मोठ्या उत्साहाने हे सगळं सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, राजानं चित्रं घेतली ते बरोबर आहे. पण सारा कुणी भरला? माझ्या आज्याच्या बापानं. त्याला विचारलं होतं का कुणी, की बाबा, तुला विहीर पाहिजे का चित्र पाहिजे?"

मी गप्प बसलो, कारण प्रश्न बरोबर होता. संस्थानाला दुसरं उत्पन्न ते कसलं? जमीन महसूल. पावसाच्या भरवशावर बाजरी पिकवणाऱ्यांनी भरलेला. त्या पैशातूनच रविवर्मा आला, मूर आला, महाभारताला देणगी गेली. कलेच्या कौतुकात आपण हे विसरतो. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या म्युझियमच्या पायात असलंच काहीतरी आहे. कुठे लूट, कुठे गुलामांच्या श्रमावरची साखर, कुठे अफूचा व्यापार. त्यामानाने औंधचं पाप लहान, पण मित्राच्या आज्याच्या बापाला विचारलं नव्हतं हे खरंच.

मग या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलो आणि त्यात दोन गोष्टी सापडल्या. दोन्ही म्युझियमच्या बाहेरच्या आहेत.

एक, लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचं नाव कारखानदार म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण ते १८८५ मध्ये मुंबईला आले ते चित्रकार व्हायला! जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकाराचा तिथेच शेवट. पण रेषा त्यांच्या हातात होती. मग यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियनला मिळाली, म्हणून नोकरी सोडली. बेळगावला सायकलींचं दुकान, मग चारा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणत लोखंडाने जमिनीला विष चढतं. नांगर विकले जाईनात. तो अडथळा पार पडतो न पडतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवायला त्यांची जागा हवी झाली. कारखाना हलवायचा कुठे?

त्या वेळी उभे राहिले ते औंधचे राजेसाहेब. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. साल १९१०. निवडुंगाचं रान होतं, त्याची झाली किर्लोस्करवाडी. त्याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, जे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, तेही चित्रकार. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले आणि १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीला उभी राहिली. खडकी म्हणजे दापोडीच्या पुलापलीकडे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती १९५४ मध्ये, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. म्हणजे आपला पट्टा जन्मायच्या आधी शेजारी जो कारखाना होता त्याची मुळं औंध संस्थानच्या त्या निवडुंगाच्या माळात आहेत.

आता यातून "कलेमुळे उद्योग येतात" असा सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी तो काढणार नाही. पण एक शब्द मला फार दिवस छळतोय: ड्रॉइंग. भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न, "ड्रॉइंग वाचता येतं का?" फिटर असो, टर्नर असो, ज्याला ड्रॉइंग कळतं त्याचा पगार वेगळा. हा शब्द आणि जे. जे. मधला शब्द एकच आहे. समोर नसलेली वस्तू रेषांत पाहता येणं, ही दोन्हीकडची पहिली पायरी. रंग न दिसणारा एक चित्रकार आणि चित्रं काढणारा एक राजा यांना एकमेकांची भाषा का कळली असेल, याचं मला तरी यात उत्तर दिसतं. सावकाराने तारण मागितलं असतं. या माणसाला लक्ष्मणरावांच्या कागदावरचा नांगर बहुधा दिसत होता.

मित्राच्या हिशोबात हे जमेला धरायला हवं. त्याच्या आज्याच्या बापाच्या साऱ्यातून चित्रं आली तशी लोखंडी नांगराची सोयही झाली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. म्युझियमचं साल १९३८ सांगितलं ना? त्याच वर्षी नोव्हेंबरात, सत्तरीतल्या या राजाने जाहीर केलं की राज्याचा कारभार आता प्रजेच्या हाती द्यायचा. यामागे तिघे होते. एक राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, जे पुढे भारताचे राजदूत झाले. दुसरे मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे इंजिनिअर, बंगलोरच्या कारखान्यात होते. आणि तिसरे, ज्यांच्याकडे मसुदा घेऊन हे दोघे गेले ते, गांधीजी. २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थान स्वराज्य घटना कायदा झाला. गावपंचायत पायाला, तिच्यावर तालुका, आणि सगळ्यांच्या वर प्रतिनिधी सभा. भारताची राज्यघटना यायला अजून अकरा वर्षं होती.

फ्रीडमनबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण इंजिनिअर लोकांना हा माणूस आवडेल. याने सूतकताईसाठी धनुष तकली तयार केली. नंतर मुंबईत खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं ऐकली, ध्वनिमुद्रित केली आणि त्यांचं 'आय अॅम दॅट' हे इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये केलं. पोलंडमध्ये जन्म, बंगलोरला कारखाना, औंधला घटना आणि खेतवाडीत अध्यात्म. त्यापुढे आपला रेझ्युमे अगदीच सपाट वाटतो.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, कैद्यांसाठी कुंपण नसलेली वसाहत. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' तिथूनच स्फुरला, आणि त्याची पटकथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. माडगुळे गाव त्याच आटपाडीच्या मुलखातलं.

म्हणजे "विहीर की चित्र" हा प्रश्न १९३८ पर्यंत आज्याच्या बापाला विचारला नव्हता हे खरं, पण १९३९ पासून तो विचारायची यंत्रणा त्याच राजाने उभी केली. म्युझियम आणि घटना एकाच सुमाराला का, याचा राजेसाहेबांनी लिहून ठेवलेला खुलासा माझ्या वाचनात नाही. मला वाटतं ते असं: त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी एकच होत्या, जे घराण्याचं आहे ते घराण्याबाहेर काढून लोकांच्या ताब्यात देणं. बडोद्याच्या सयाजीरावांनी म्युझियम काढलं, पण बडोदं केवढं मोठं संस्थान! आणि कितीतरी संस्थानिकांचे जडजवाहीर १९४७ नंतर कुठे कुठे गेले ते वेगळं सांगायला नको. औंधची चित्रं जागची हलली नाहीत.

ही गोष्ट गोड शेवटाची नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्या झाली आणि त्यानंतर साताऱ्या-सांगलीकडे ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लागली. वेदांचे अभ्यासक आणि स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार पंडित सातवळेकर तीस वर्षं औंधला राहिलेले, तेही औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. ज्या संस्थानाची घटना गांधीजींच्या सल्ल्याने झाली त्याच मुलखात हे घडलं. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती घटनाही संपली. नऊ वर्षं. राजेसाहेब १९५१ मध्ये गेले. उरलं काय? टेकडी, यमाई, आणि चित्रं.

मित्राला मी हे सगळं नंतर ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण विहिरीचं काय ते नाहीच सांगितलंस." बरोबर आहे. विहिरीची जागा चित्र घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण तेव्हाच्या औंधपेक्षा किती तरी पटींनी श्रीमंत असलेल्या आपल्या पट्ट्यात आज हा प्रश्न उलटा विचारायला हवा. १७ लाखांवर माणसं, हे २०११ च्या जनगणनेचं. गाड्या, इंजिनं, टायर, बेअरिंगं, सॉफ्टवेअर, सगळं आपण बनवतो. पाणी आलं, रस्ते आले, मेट्रो आली. चिंचवडला सायन्स पार्कही झालं आणि तिथे शनिवार-रविवारी पोरांची गर्दी असते, म्हणजे बघायची भूक आहे. एक लाखाच्या आतल्या माणसांचं दुष्काळी संस्थान खाणकामगाराच्या पोराचं शिल्प आणून ठेवू शकलं. आपल्याकडच्या टर्नर-फिटरच्या पोराला चाकणहून किंवा भोसरीहून एका बसमध्ये बसून मूळ तैलचित्रासमोर उभं राहायचं असेल तर त्याने कुठे जायचं? पैसे नाहीत हे उत्तर आता चालणार नाही. आणि यावेळी आपल्याला विचारणारं कुणी नाही, आपणच विचारायचं आहे. महापालिकेची निवडणूक आली की रस्ते-कचऱ्याच्या यादीत ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

असो. जायचं असेल तर: पहाटे निघा. बायपासने कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सातारा, आणि तिथून रहिमतपूरवरून औंध. वेळा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर टेकडी चढून कुलूप बघून याल. यमाईचं दर्शन आधी घेतलं तरी चालेल, नंतर घेतलं तरी चालेल, पण जेवण करून मग म्युझियम बघू असं करू नका, खटावचं दुपारचं ऊन वाईट. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सगळी दालनं फिरवू नका. सैरंध्रीसमोर पाच मिनिटं उभं करा आणि "ही घाबरलीय की चिडलीय?" एवढंच विचारा. मूरसमोर नेल्यावर काहीच विचारू नका.